तारमामाचे बावन्न राउटर

खरं सांगू, हे मी लिहिणारच नव्हते. तारमामाला कळलं तर म्हणेल, माझ्या चुकीची दवंडी पिटलीस होय गं. पण आता बसलेच आहे तर एका दमात सांगून टाकते.

तारमामा म्हणजे आमच्या भागातल्या बावन्न घरांचं इंटरनेट. दुकान एवढंसं, एक टेबल, एक पंखा आणि भिंतीभर तारांची वेटोळी. त्याचा उजवा गुडघा कधीचाच कामातून गेलाय, जिना चढायचा म्हटलं की जिवावर येतं. म्हणून दोन वर्षांपूर्वी त्याने शक्कल लढवली. प्रत्येक राउटरमध्ये बाहेरून आत यायची सोय चालू करून ठेवली, आणि बावन्न घरांना पासवर्ड एकच. कुणाचं नेट अडलं की मामा खुर्चीतूनच त्यांच्या राउटरमध्ये शिरायचा, दोन बटणं दाबायचा आणि फोनवर म्हणायचा, बघा आता. लोक खूश, गुडघा त्याहून खूश.

मग एका सकाळी राउटरच्या कंपनीचा मेल आला. राउटरच्या आत जो प्रोग्राम असतो ना, फर्मवेअर, त्यातच भोक सापडलं होतं. बाहेरची सोय चालू असेल तर कुणीही पासवर्डशिवाय आत येऊ शकत होतं. आणि ती सोय तर मामानेच चालू केलेली.

चहा निवायच्या आत त्याने बावन्नच्या बावन्न घरांची ती सोय दुकानातूनच बंद केली. मामी म्हणाली, झालं की मग, झाकली मूठ सव्वा लाखाची, कशाला सांगत फिरताय. पण मामाचं घोडं तिथेच अडलं. दार आज लावलं, कालपर्यंत कुणी आत घुसून काही करून गेलं असेल तर? ते बघायचं, राउटर पुसून कोरा करायचा, नवं फर्मवेअर घालायचं, प्रत्येकाला वेगळा पासवर्ड द्यायचा. हे सगळं घरी जाऊन, तार जोडूनच करायला हवं, कारण लांबून करताना मध्येच तुटलं तर राउटरचा डबा कायमचा गार. आणि घरी गेलं की लोक विचारणार, आज कसा काय आलास? खरं सांगितलं तर बावन्न घरांचा विश्वास जाणार, आणि कोपऱ्यावर इंटरनेटची नवी कंपनी टपूनच बसलेली.

पहिल्या तीन घरी तो जरा सर्व्हिसिंग करतोय असं काहीतरी पुटपुटला आणि सटकला. चौथं घर गणिताच्या बाईंचं, तिसऱ्या मजल्यावर. बाईंनी त्याला शाळेत शिकवलेलं. आता एकट्याच असतात, लेक लांब राहते, रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर भेटते. मामाने तार जोडली, सेटिंगचं पान उघडलं आणि तेच पान दोनदा वाचलं. कुठली साइट कुठे सापडेल ते राउटर ज्याला विचारतो, त्याच्या जागी भलताच पत्ता भरलेला. म्हणजे कुणीतरी येऊन गेलं होतं. बाई काहीही उघडायला जावोत, रस्ता दाखवणारा परका.

बाई मागेच उभ्या होत्या. "काय रे, तोंड का उतरलं? माझ्याकडून काही बिघडलं का?"

हे मात्र मामाला सोसलं नाही.

"तुमच्याकडून नाही, बाई. माझ्याकडून. माझा गुडघा वाचावा म्हणून मी तुमचं दार उघडं ठेवलं होतं. कुणीतरी आत शिरलं."

 बाईंनी हळूच विचारलं, लेकीचं बोलणं कुणी ऐकलं का. मामा म्हणाला, कॉलला स्वतःचं कुलूप असतं, तो ऐकला नसावा, पण तुमचे बाकीचे सगळे पासवर्ड आजच बदलू, मी बसतो इथे. मग मात्र बाई भडकल्या, अगदी वर्गात भडकायच्या तशा. गुडघा दुखतो हे तोंडाने सांगता येत नव्हतं? दोन वर्षं नेट बिघडलं म्हणून खोटे फोन करतेय मी, तू निदान दहा मिनिटं येशील म्हणून, आणि तू आपला तिकडूनच उरकतोस!

 मामाने राउटर कोरा केला, नवं फर्मवेअर घातलं, बाईंच्या शेजारी बसून एकेक पासवर्ड बदलला. निघताना बाईंनी दारातच अडवलं.

"पुढच्या घरी खरं सांगणार ना?"

"सांगतो."

"आणि आधीच्या घरी?"

मामा खाली बघत म्हणाला, "तिथेही जातो परत."

गेला. एकोणीस दिवस जिने चढला, प्रत्येक घरी स्वतःच्या तोंडाने चूक सांगितली. एकाने दार तोंडावर आपटलं, चार घरं नव्या कंपनीकडे गेली. दोन डबे इतके जुने की त्यांना नवं फर्मवेअर मिळणारच नव्हतं, ते त्याने स्वतःच भिंतीवरून उतरवले, दुसरे बसवले. अठ्ठेचाळीस घरं राहिली. बाहेरची सोय परत चालू केली नाही, त्यामुळे आता नेट अडलं की त्याला जावंच लागतं. बाई मात्र त्याला वर बोलवत नाहीत. काही विचारायचं असलं की स्वतः तीन मजले उतरून दुकानात येतात आणि तासभर हलत नाहीत.

तुमच्याकडेही राउटर बसवून गेलेला कुणीतरी असेलच. बाहेरची सोय बंद आहे का, फर्मवेअर नवं आहे का, हे त्याला विचारायचंच आहे, तर फोन नका करू ना. याच आठवड्यात जिना उतरा आणि त्याला भेटून या.