मामाजींचे रोडगे आणि माझा नो-गो

गेल्या आठवड्यात मोर्शीजवळ आमच्या शेतात रोडगे होते, म्हणजे निखाऱ्यांत भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचं जेवण, आणि नेमकं त्याच दुपारी आमचं रिलीज. अमरावतीहून निघताना डबे, सतरंज्या, मुलीचे कपडे यांच्यात मी लॅपटॉपही कोंबला... नवऱ्याने एकदा पाहिलं आणि गाडी काढली.

आधी रिलीज म्हणजे काय ते सांगते. बँकेचं ॲप, तिकिटांची वेबसाइट, असलं सगळं असंख्य कॉम्प्युटरवर छोट्या छोट्या तुकड्यांत चालतं, त्यांना कंटेनर म्हणतात. एक बंद पडला की दुसरा उभा करायचा, गर्दी वाढली की आणखी लावायचे... पंगतीत वाढप्यांवर लक्ष ठेवणारा एक माणूस असतो ना, तसं आमचं सॉफ्टवेअर. ते कुणा एका कंपनीचं नाही. जगभरातले लोक मिळून बनवतात आणि दर काही महिन्यांनी नवी आवृत्ती काढतात, तेच रिलीज.

मुलगी झाली तेव्हा मी पुण्यातली नोकरी सोडली. परत उभं राहायचं म्हणून या सॉफ्टवेअरच्या एका टीममध्ये शॅडो झाले, म्हणजे लीडच्या, टीमप्रमुखाच्या, मागे राहून काम शिकणारी. रिलीज संपलं की लीड आपल्या शॅडोंपैकी एकाचं नाव पुढच्या वेळच्या लीडसाठी सुचवते. ते नाव माझं असावं अशी फार इच्छा होती... उगाच कशाला लपवू.

आमची पद्धत अशी, की शेवटच्या मीटिंगमध्ये प्रत्येक टीमला विचारतात. सगळ्यांनी 'गो' म्हटलं तरच आवृत्ती बाहेर पडते, एकानेही 'नो-गो' म्हटलं की थांबली. आमच्या टीमकडे टेस्ट पाहायचं काम. आमची लीड मार्ता पोलंडची, आणि त्या दिवशी तिला सडकून ताप. सकाळीच मेसेज आला, आज आपल्या टीमचं उत्तर तू दे.

आणि एक टेस्ट कधी हिरवी म्हणजे पास, कधी लाल म्हणजे नापास होत होती... ग्रुपवर एकदोघे म्हणाले, ती लहरीच आहे, लक्ष देऊ नकोस. खरंही असेल, पण मला खात्री नव्हती. मी अकोल्याची पोर, पुण्याच्या ऑफिसात माझ्या फटकळपणाचे किस्से सांगायचे लोक. आता मात्र एक 'नाही' म्हणायचं धाडस होईना.

तिकडे संत्र्याच्या झाडांपाशी वेगळंच चाललं होतं. मामाजी, म्हणजे माझे सासरे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यांजवळ काठी घेऊन बसलेले. वांग्याची भाजी तयार, वरण तयार, पत्रावळी मांडलेल्या... रोडगे काही बाहेर येईनात.

"बाबा, पोटात कावळे ओरडून राहिले," दीर म्हणाला.

"ओरडू दे. अजून कच्चे हायेत. कोनी बसाचं नाही."

आणि कोणी बसलं नाही. पाहुण्यांत खुद्द व्याही होते, पण एकानेही तोंड वाकडं केलं नाही. विस्तवापाशी जो बसलाय त्याचा शब्द शेवटचा, हे आमच्याकडे सांगावं लागत नाही.

शेतातच लॅपटॉप उघडून मी मीटिंगला बसले, आमच्या टीमची पाळी आली. मी म्हटलं, नो-गो. कुणीतरी शांतपणे म्हणालं, ठीक आहे, उद्या पाहू. अमेरिकेतले दोघे या मीटिंगसाठी पहाटे उठून बसले होते, ते बिचारे परत झोपायला गेले.

मी जेवायला गेले तर रोडगे चांगलेच कडक झालेले. कधीचे झाले असणार... दीर हसू दाबत होता. मी रिलीज थांबवल्याचं सांगितलं. मामाजींनी माझ्या पानातला रोडगा फोडला, वर तुपाची धार सोडली आणि म्हणाले, "जास्त शिजला त कोनी मरत नाही. कच्चा खाल्ला त पोट दुखते."

दुसऱ्या दिवशी अमरावतीला परतल्यावर कळलं, सॉफ्टवेअरमध्ये काहीच बिघाड नव्हता. टेस्ट जिथे चालते ते मशीनच रेंगाळत होतं. म्हणजे माझ्यामुळे इतके लोक एक दिवस फुकट थांबले... आवृत्ती निघाली, अभिनंदनाचे मेसेज आले, आणि मी फोन पालथा ठेवून भांडी घासत बसले. लीड होण्याचं काही खरं नाही, हे मनाशी धरूनच टाकलं.

संध्याकाळी मार्ताचा मेसेज पाहिला, सगळ्या टीमला लिहिलेला. पुढच्या वेळच्या लीडसाठी तिने माझं नाव दिलं होतं. कारण एवढंच, की हिला खात्री नव्हती आणि हिने तसं सगळ्यांसमोर सांगितलं. मी ओट्यापाशी उभी राहून रडले... इतक्या दिवसांनी कुणीतरी माझ्या शब्दावर विसंबलं होतं.

तेवढ्यात मोर्शीहून मामाजींचा फोन. "का वो, शिजलं का तुयं?"

म्हटलं, शिजलं मामाजी, जरा कडक झालं.

"त्याले काय होते," म्हणाले, "तूप जास्त घ्याचं."