देवजींची जीभ

घणसोली गावातले देवजी तरुणपणी खाडीकाठच्या मिठागरात राबले. पुढे मिठागरं गेली, टॉवर आले आणि त्यांचा मुलगा कुंदन त्या टॉवरांच्या पार्किंगमध्ये गाड्या साफ करू लागला.

पाइप लावून गाडी धुण्याचं हे काम नव्हे. बादलीभर पाण्यात टोपणभर औषध घालायचं, मऊ फडक्याने गाडी पुसायची आणि लगेच कोरडी टिपायची. वरून पाणी मारायचं नाही, त्यामुळे बादलीत जे असेल ते गाडीवरच राहणार. नळाचं पाणी सोसायट्या गाड्यांना देत नसत. बोअरिंगचं पाणी दर ठिकाणी वेगळं, आणि खारं निघालं की काळ्या गाडीवर पांढरे डाग ठरलेले.

म्हणून नवी सोसायटी मिळाली की कुंदन बापाला स्कूटरवर मागे बसवून न्यायचा. देवजी ओंजळीतलं पाणी तोंडात घोळवून थुंकायचे. "बाला, या पान्याला हात लावू नको. घरून कॅन आन." त्यांचं कधी चुकलं नाही. परतताना ते चहा मागायचे आणि रस्ताभर बोलत राहायचे.

मग त्यांच्या घशात गाठ निघाली. इस्पितळात रेडिएशनचे शेक दिले. गाठ आटोक्यात आली असं डॉक्टर म्हणाले, पण तोंडाची चव गेली. सून सुचिताने केलेली कोलंबी खाताना ते म्हणाले, "मीठ टाकलंस नाय का गो?" सुचिताने मुकाट्याने वरून मीठ दिलं. ते सगळं संपवून उठले. त्यांच्या ताटाला लागलेलं खारट कालवण तिने बोटाने चाखलं आणि पदर तोंडाला लावला.

त्या वर्षी पावसाळ्यानंतर कुंदनला नवी सोसायटी मिळाली. देवजी सकाळीच कपडे करून बसले होते. नको म्हणायला कुंदनची जीभ रेटेना.

बोअरिंगच्या नळाखाली त्यांनी ओंजळ धरली, पाणी घोळवलं, डोळे मिटले. "गोड हाय. बिनधास वापर."

कुंदनने आधीच चाखलं होतं. पाणी खारं होतं. घरच्या पाण्याचा कॅन स्कूटरला टांगलेला होता. पण वॉचमनच्या खुर्चीवर बसून बाप बघत होता. कुंदनने बोअरिंगच्याच पाण्यात औषध घातलं. वाटलं, बाबाला घरी सोडू आणि परत येऊन कॅनच्या पाण्याने पुसून काढू.

पण गाडीच्या मालकीणबाई नंदिनी लवकर खाली आल्या. गाडी उन्हात आली आणि बॉनेटवर पांढरे ठिपके उठले. "अहो, हे काय झालं?" त्या काच खाली करून म्हणाल्या.

देवजी उठून गाडीपाशी आले. बॉनेटवर बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं.

"मीठ धरलं रे," ते म्हणाले. "तुला ठाव होतं?"

कुंदनची नजर स्कूटरला टांगलेल्या कॅनकडे गेली.

"मंग बोललास का नाय? येवढा का वाया गेलो मी?"

कुंदनने कॅन आणला आणि गाडी पुन्हा पुसली. डाग गेले, नंदिनीबाईही निघून गेल्या. तो वळला तेव्हा खुर्ची रिकामी होती. देवजी रिक्षा करून घरी गेले होते.

त्यानंतर ते कुंदनबरोबर कुठे गेले नाहीत. महाप्याला एका ऑफिसचं मोठं काम मिळालं तेव्हा कुंदन म्हणाला, "बाबा, चल ना, जरा बघून सांग."

"तू बघ," देवजी म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

जेवणाला नुसतं हो-नाही. कुणी विचारलं तरच उत्तर. गाठ पुन्हा वाढली, आणि होळीच्या आधी ते गेले.

बाराव्यानंतर पाहुणे पांगले तेव्हा सुचिताने नवऱ्याला विचारलं, "खारं हाय म्हनून तेव्हाच का नाय सांगितलंस?"

"त्याला वाईट वाटंल म्हनून," कुंदन म्हणाला. "सांगायला पायजे होतं. चिडला असता, शिव्या घातल्या असत्या. पन बोलत तरी राहिला असता गो."