चार्टला लावलेलं हळदकुंकू

आमच्या घराण्यात पहिली पदवी माझी, बी. एस्सी., रसायनशास्त्र. तीही सेकंड क्लास. ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा मी डोंबिवलीहून ठाण्याला, नौपाड्यातल्या एका कलर लॅबमध्ये कामाला जायचे. हुद्दा टेक्निशियन, काम काउंटरवर पावत्या फाडायचं. रंगीत प्रिंट काढायचं मशीन आतल्या खोलीत होतं आणि त्यावर मालक स्वतः बसत.

माझ्या ताब्यात एकच शास्त्रीय वस्तू होती, कलर चार्ट. जाड पुठ्ठ्यावर रंगांचे चौकोन, खालच्या ओळीत पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतचे करडे. फोटो काढताना पहिला फोटो या चार्टचा घ्यायचा आणि प्रिंट काढताना त्यातला करडा करडाच येईपर्यंत मशीन जुळवायचं. मग बाकीचे रंग आपोआप बरोबर येतात. चार्ट कडांनी धरायचा. धूळ दाबला की वारा सोडणाऱ्या रबरी फुग्याने उडवायची, फार तर मऊ ब्रश. पाणी नाही, स्पिरिट नाही, पदर तर नाहीच. घासला की चौकोनाला चकाकी येते आणि चकाकला की तो खोटं बोलतो. मी तो काळ्या पाकिटात घालून खणात ठेवायचे. मालक म्हणायचे, "सोन्याचा आहे का गं?"

त्या वर्षी कल्याणच्या एका घाऊक साडीवाल्याचं काम आलं. दिवाळीआधी साड्यांच्या फोटोंचा आल्बम हवा होता. तो बघून गावोगावचे दुकानदार मागणी नोंदवणार होते. मालक म्हणाले, "हे तू कर. रंग जमले तर मशीन तुझं. नाही जमले तर पावत्या आहेतच."

खंडेनवमीला लॅबमध्ये यंत्रांची पूजा असायची. मी झेंडू आणायला स्टेशनकडे गेलेले. परत आले तर मालकीणबाई, म्हणजे आमच्या वहिनी, प्रिंटरला, कात्रीला, स्टुलाला हळदकुंकू लावून मोकळ्या झालेल्या. माझा खण उघडा. चार्ट पाटावर, समोर नारळ. आणि खालच्या ओळीतल्या पांढऱ्या चौकोनावर हळदकुंकवाचं ओलं बोट.

"वहिनी, हा कशाला बाहेर काढलात?"

"अगं, सगळ्यांची पूजा झाली, हा तेवढा खणात उपाशी. आणि पांढरं कपाळ बरं दिसतं का सणाचं?"

मी झेंडूची पिशवी खाली ठेवली आणि चार्टवर वाकले.

मालक आले, बघितलं आणि स्पिरिटची बाटली काढली.

"पुसू नका," मी म्हटलं.

"चार्ट माझा आहे."

"चार्ट तुमचाच. हळद पसरली तर शेजारचा करडाही जाईल."

"साडीवाला परवा फोटोंसाठी साड्या घेऊन येणार आहे. दुसरा चार्ट मुंबईहून यायला महिना लागेल."

"म्हणूनच पुसू नका."

वहिनी मध्ये पडल्या, "देवाचं आहे, पुसायचं नसतंच." त्यामुळे त्यांचं नि माझं एकमत झालं. कारणं वेगळी.

रात्रभर चार्ट पाटावरच सुकू दिला. दसऱ्याला लॅब बंद होती, तरी मी किल्ली मागून आले. फुग्याने फुंकर मारली, कुंकू उडालं. ब्रशने कडेची हळद झाडली. मधला पिवळा डाग राहिला. तो चौकोन पांढरा धरून मशीन जुळवलं असतं तर सगळ्या साड्या निळसर झाल्या असत्या. मी त्यावर काळ्या कागदाचा तुकडा ठेवला आणि कडांना चिकटपट्टी लावली. सवयीने कोणाची नजर जायला नको, माझीही. खालच्या ओळीतले पुढचे करडे स्वच्छ होते. त्यांच्यावर भागवायचं ठरवलं.

फोटो झाले, प्रिंट झाले. साडीवाला आल्बम घ्यायला आला तेव्हा सोबत साड्यांचा गठ्ठा आणलेला. प्रिंट हातात घेऊन तो फुटपाथवर उन्हात गेला, तिथेच मोरपंखी साडी उलगडली. एकदा साडीकडे, एकदा फोटोकडे. मालक माझ्याकडे बघत नव्हते. मीही त्यांच्याकडे बघत नव्हते.

"मोरपंखी आहे ती मोरपंखीच दिसतेय," तो म्हणाला. "यात विशेष काय?"

"काही नाही," मी म्हटलं.

त्याने बाकीच्या साड्या उलगडल्याच नाहीत. गठ्ठा बांधला आणि आल्बम काखेत मारून रिक्षात बसला.

मालकांनी पावतीपुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं आणि वहिनींपुढे ठेवलं. "उद्यापासून काउंटरला तू बस," म्हणाले.

"आणि ही?"

"ही आत."

मी चार्ट पाकिटात घातला, आतल्या खोलीत गेले आणि दाराला कडी लावली.