माऊस आपोआप हलला तेव्हा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण शेवटपर्यंत ऐकलंत तर तुम्हाला माझी दया येईल. निदान यावी अशी माझी इच्छा आहे. घरच्यांना काही आली नाही.

झालं असं, की आमच्या हिला, म्हणजे वैशालीला, पुण्यातल्या एका कंपनीचं काम मिळालं. घरबसल्या. आलेल्या ऑर्डरी बघायच्या, बिलं बनवायची आणि कॉम्प्युटरवरूनच पाठवायची. बी.कॉम. झालेली बाई, लग्न करून आमच्या राहू गावाला आली आणि झेंडूच्या शेतीत अडकली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिला फोनवर 'वैशाली मॅडम' म्हणालं होतं. फोन ठेवल्यावर ती किती तरी वेळ मोबाइलकडं नुसती बघत बसली होती.

अट एकच. कंपनीचं सॉफ्टवेअर घरच्या कॉम्प्युटरवर शुक्रवारी पाचच्या आत चालू व्हायला पाहिजे. नाही झालं, तर काम दुसऱ्या बाईला.

"मी कुणाला तरी बोलावते," वैशाली म्हणाली.

"कुणाला कशाला? मी काय मेलोय का?"

आता मी कॉम्प्युटरवाला कसा, तेही ऐका. लग्नाआधी मी रांजणगावच्या एका कारखान्यात गेटवर होतो. आलेल्या खोक्यांवर लाल दिव्याचं ते यंत्र धरायचं, कॉम्प्युटर 'टुक' करायचा. एवढंच! पण आमच्या वडलांनी, आबांनी, सासुरवाडीत सांगितलं, "पोरगं कॉम्प्युटरवर असतंय." ते काही खोटं नव्हतं, आणि मीही ते कधी फोड करून सांगितलं नाही. तेव्हापासून दोन्ही घरांत कुणाचा मोबाइल अडकला तरी माझ्याकडं येतो. मी तो बंद करून चालू करतो. पुष्कळदा तेवढ्यानंच भागतं.

"पाच मिनिटांचं काम हाय," मी म्हणालो आणि बुधवारी सकाळी बसलो.

सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. 'नेक्स्ट' दाबलं, परत 'नेक्स्ट' दाबलं, सगळ्या अटी मान्य केल्या. कोण वाचतं हो त्या? हिरवी पट्टी सरकायला लागली. पन्नास टक्के. ऐंशी. नव्वद. मी ओरडलो, "वैशाली, बघायला ये!" ती कणकेच्या हातांनी धावत आली. नव्व्याण्णव झाले. पट्टी थांबली.

आणि मग मागं यायला लागली!

अहो, अडकून बसलेली पट्टी मी पाहिली होती. पण नव्व्याण्णवपर्यंत जाऊन माघारी निघालेली पट्टी? जन्मात नाही!

"हे काय चाललंय?" वैशालीनं विचारलं.

"काय न्हाई. रिव्हर्स घेतंय. वळायला जागा लागती त्याला."

पट्टी वळली नाही. शून्यावर आली, खाली एक लाल फुली उमटली आणि खिडकी बंद झाली. वैशाली कणीक मळायला निघून गेली. तिनं दोन शब्द सुनावले असते ना, तर बरं वाटलं असतं.

त्या दिवशी मी काय काय केलं म्हणून सांगू! कॉम्प्युटर बंद करून चालू केला. डबा उघडून हवा मारली, तर आतून एवढी धूळ निघाली की मलाच शिंका. परत टाकलं, परत नव्व्याण्णव, परत माघारी. गुरुवारी एका व्हिडिओत एक गृहस्थ ठणकावून सांगत होता, की अँटिव्हायरस आडवा येतो, तो बंद करा. मी म्हटलं, बंद कशाला, समूळच काढू. काढला. सॉफ्टवेअर तरीही आलं नाही. अँटिव्हायरस मात्र गेला. म्हणजे दाराची कडी मीच काढून ठेवली, आणि पाहुणा काही घरात आला नाही.

गुरुवारी संध्याकाळी मला घास जाईना. बायकोला इतक्या वर्षांनी एक गोष्ट स्वतःची मिळत होती, आणि ती माझ्या शहाणपणामुळं हातातून चालली होती. पण तोंडानं काय म्हणालो? "उद्या होतंय बघ."

शुक्रवारी मला झेंडू घेऊन वरवंडच्या व्यापाऱ्याकडं जायचं होतं. तोडलेली फुलं काही थांबत नाहीत. निघताना म्हणालो, "दुपारी आलो की बसतोच."

"या सावकाश," वैशाली म्हणाली. "काय घाई न्हाई."

काय घाई न्हाई! पाचची मुदत असलेली बाई हे बोलते, आणि मी गाढव खूश होऊन गाडी काढतो!

वरवंडला व्यापाऱ्यानं सगळा माल झटक्यात उचलला, त्यामुळं मी दुपारच्या आधीच माघारी आलो. आमच्या बोळात उसाची ट्रॉली आडवी लागलेली. पिकअप रस्त्यावरच लावला आणि चालत घरी आलो. त्यामुळं गाडीचा आवाज कुणाला आला नाही. दार नुसतं लोटलेलं. आई दौंडला मावशीकडं गेलेली, वैशालीही दिसेना. म्हटलं, शेजारी गेली असेल.

पाणी प्यायलो, कॉम्प्युटरच्या खोलीत आलो आणि जागीच थिजलो.

खुर्ची रिकामी. कॉम्प्युटर चालू. आणि पडद्यावरचा बाण आपोआप फिरत होता!

मी माऊसकडं बघितलं. माऊस मेलेल्या झुरळासारखा गप. बाण मात्र इकडून तिकडं, ही खिडकी उघड, ती बंद कर, असा बिनधास्त फिरतोय. मी अँटिव्हायरस काढला, म्हणून चोर शिरला! आता वैशालीचे कागद जातील, बँकेचं जाईल, सगळं जाईल.

बघतो तर त्यानं एक हिरवी पट्टी सुरू केलेली! म्हणजे चोर आमच्या कॉम्प्युटरमध्ये आणखी काहीतरी घालत होता. मी झेप घेतली आणि 'कॅन्सल' दाबलं. पट्टी गेली. बाण जरा थबकला, आणि त्यानं पट्टी परत सुरू केली. मी परत 'कॅन्सल'. त्यानं परत सुरू. मी परत 'कॅन्सल'! तो बाण उजवीकडं ओढतोय, मी डावीकडं. अंगाला घाम. एवढी झटापट मी कबड्डीतसुद्धा केली नव्हती.

शेवटी मी लिहायची पाटी उघडली. राग असा होता, की इंग्रजी अक्षरंसुद्धा सगळी मोठी करून घेतली, आणि त्याच अक्षरांत मराठी लिहिलं, "कोण आहेस तू?"

मग माझ्या डोळ्यांसमोर, कुणी बटणं न दाबता, खाली अक्षरं उमटली, "कृपया माऊसला हात लावू नका. काम चालू आहे."

काम चालू आहे! चोर घरात शिरून घरमालकाला सांगतो, काम चालू आहे!

मी लिहिलं, "पोलिसात देईन!"

आता, त्याच वेळी गच्चीवर काय चाललं होतं, ते मला मागाहून कळलं. पण तुम्हाला आत्ताच सांगतो, नाहीतर माझा मूर्खपणा नीट ध्यानात येणार नाही.

वैशाली गच्चीवर होती. तिच्या सिमला रेंज फक्त तिथंच मिळते. तिच्या सिमच्या कंपनीवर माझा विश्वास नाही म्हणून माझं सिम वेगळं, ते खिडकीला चिकटून उभं राहिलं तर चालतं. तर वैशालीनं सकाळीच कंपनीत फोन करून अडचण सांगितली होती. तिथली श्रुती नावाची मुलगी पुण्यात बसून आमचा कॉम्प्युटर चालवत होती आणि फोनवर वैशालीशी बोलत होती. मला सांगितलं नव्हतं, कारण माझं मन दुखावलं असतं.

श्रुती घाबरत म्हणाली, "मॅडम, तुम्ही मला पोलिसात देणार आहात का?"

"अगं बाई, मी कशाला?"

"मग हे लिहितंय कोण? मी इन्स्टॉल करतेय आणि तुम्ही सारखं कॅन्सल करताय."

"मी तर गच्चीवर हाय. घरात कुणीच न्हाई. हे वरवंडला गेल्यात."

श्रुतीचा आवाज एकदम खाली आला. "मॅडम, मग तुमच्या कॉम्प्युटरमध्ये दुसरं कुणीतरी शिरलंय. अँटिव्हायरससुद्धा काढून टाकलेला दिसतोय."

"आरं देवा! कुणी काढला?"

"त्यानंच काढला असणार."

इकडं खाली मी खिडकीला चिकटून निलेशला फोन लावला होता. निलेश माझा चुलतभाऊ, कारेगावला राहतो, कारखान्यात सुपरवायझर आहे.

"दादा, पयली नेटची वायर काढ!" तो किंचाळला.

मी कॉम्प्युटरच्या मागं हात घातला. तिथं वायरींचं नुसतं भेंडोळं. एक जोरात उपटली. ती स्पीकरची निघाली.

"बाण फिरतोय का अजून?"

"थांबलाय. माझ्याकडं बघतोय."

"मग पासवर्ड बदल, पटकन!"

तो सांगेल तसं करत मी पासवर्ड बदलला. शेवटचं बटण दाबलं आणि, खोटं सांगत नाही, घरातली वीज गेली! कॉम्प्युटर बंद. पंखा बंद. फ्रीज बंद.

"निलेश," मी म्हणालो, "त्यानं लाइट घालवली रं!"

त्यानं नव्हती घालवली. श्रुतीनं वैशालीला सांगितलं होतं, मॅडम, आधी मेन स्विच बंद करा, म्हणून वैशालीनं जिन्यातलं मेन स्विच पाडलं होतं. पण मला काय माहीत? तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. म्हटलं, चोर नुसता कॉम्प्युटरमध्ये नाही, घरातही आहे! कोपऱ्यात फवारणीच्या पंपाची नळी होती, ती उचलली आणि जिन्याकडं निघालो. वळणावर समोरून धुण्याची काठी आली. काठीमागं वैशाली.

"अहो! तुम्ही वरवंडला गेल्ता न्हवं?"

"हळू बोल! घरात हॅकर शिरलाय."

"व्हय, मला म्हाईत हाय. श्रुती मॅडमनी सांगितलं."

"कोण श्रुती मॅडम?"

"कंपनीची. पुण्यात बसून आपला कॉम्प्युटर चालवतीया."

"पुण्यात बसून… चालवतीया?"

मी नळी हळूच खाली केली. तेवढ्यात तिच्या फोनमधून आवाज आला, "मॅडम, सापडलं का कोण आहे ते?"

वैशाली माझ्यावरची नजर न काढता म्हणाली, "सापडलं. पंपाची नळी घेऊन उभं हाय."

संपलं असं वाटलं ना तुम्हाला? मलाही वाटलं. लाइट लावली, कॉम्प्युटर चालू झाला आणि त्यानं पासवर्ड मागितला. मी टाकला. चुकीचा. परत टाकला. चुकीचा! वैशाली खुर्चीत बसली आणि तिनं डोळ्यांना पदर लावला. घड्याळ पाचकडं चाललेलं. जमीन दुभंगली असती तर मी पंपाच्या नळीसकट आत गेलो असतो.

"सर," फोनमधून श्रुती म्हणाली, "तुम्ही मला मोठ्या अक्षरांत धमक्या देत होतात ना? मग पासवर्डपण मोठ्या अक्षरांतच पडला असेल. पुन्हा टाकून बघा."

"मी टाकते," वैशाली डोळे पुसत म्हणाली. "तुमचे हात थरथरत्यात. सांगा काय हाय."

मी माऊसची वायर सरळ करायला लागलो.

"अहो, सांगा की! येळ चाललाय."

"जरा… तू बाहेर जातीस का?"

"पासवर्ड!"

"मीच हुशार," मी म्हणालो.

फोनमध्ये श्रुतीला खोकला आला. बराच वेळ आला.

उघडला बाबा एकदाचा कॉम्प्युटर. मग कळलं की विंडोजचं जुनं अपडेट अर्धवट राहिलं होतं, म्हणून ती पट्टी माघारी यायची. कॉम्प्युटर रोज विचारायचा, आणि रोज कुणीतरी 'नंतर' दाबायचं. कोण दाबायचं, ते काय तुम्हाला सांगायला पाहिजे? अपडेट दुपारभर चाललं, मग सॉफ्टवेअर बसलं, पट्टी शंभरावर गेली आणि तिथंच राहिली. पाचला थोडा वेळ असताना वैशालीचं पहिलं बिल पुण्याला पोचलं.

आता तिचं काम झकास चाललंय. कंपनीत सगळे तिला 'वैशाली मॅडम' म्हणतात. मलाही नाव आहे तिथं, पण ते सांगत नाही. श्रुतीला काही दुरुस्ती करायची असली, की कॉम्प्युटरला हात लावायच्या आधी ती फोनवर एकच विचारते, "मॅडम, साहेब कुठे आहेत?" आणि मी घराबाहेर गेल्याची खात्री पटल्याशिवाय ती पुढं जात नाही.

म्हणून तर भर दुपारी तुमच्यासोबत इथं टपरीवर बसलोय. आणखी एकेक कटिंग सांगा. अपडेट मोठं आहे म्हणे.