खरबुजाची तहान

अमेरिकेत रेडमंडच्या कम्युनिटी गार्डनमध्ये माझ्या शेजारच्या वाफ्यावर एक आजोबा यायचे. डोक्यावर नक्षीची चौकोनी टोपी, हातात कायम खुरपं. ते चीनमधले उइघुर मुसलमान होते, तिथल्या तुर्फानच्या वाळवंटातल्या एका हिरव्या गावातले. नाव मी कधी विचारलं नाही. ते मला 'इंजिनियर' म्हणायचे.

जुलैत एकदा भर दुपारी मी मिरच्यांवर पाणी सोडलं होतं. ते उठले, सावकाश चालत गेले आणि नळ बंद करून आले.

"पाण्याला ऊन दाखवू नये," ते मोडक्या इंग्रजीत म्हणाले. "आमच्याकडे डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून गावात यायचं. वडील दरवर्षी आत उतरून गाळ काढायचे."

त्यांनी खरबूज लावलं होतं. बी इथल्याच दुकानातलं. तिकडे उइघुरांची धरपकड सुरू झाल्यापासून गावाकडून काही मागवायची सोय राहिली नव्हती, तिकडे फोनही कुणी उचलत नव्हतं. हे त्यांनी एकदाच सांगितलं, वेल सरळ करता करता.

सप्टेंबरात एकच फळ धरलं, चेंडूएवढं. त्यांनी बागेतल्या सगळ्यांना बोलावून ते कापलं. चव थेट काकडीची. मी तोंडदेखलं "छान आहे" म्हणालो.

"खोटं," ते हसले. "इथे त्याला पाणी शोधावंच लागत नाही. मग ते गोड कशाला होईल?"

आपली फोड त्यांनी मात्र सालीपर्यंत खाल्ली. मग बिया रुमालाला पुसून अर्ध्या माझ्या तळहातावर ठेवल्या.

"पुढच्या वर्षी तू लाव, इंजिनियर. आणि जरा तहान लागू दे त्याला."