इब्राहिमभाईंचं क्रियापद

इब्राहिमभाई पिरंगुटच्या एका दवाखान्यात कंपाउंडर होते. शिक्षण सातवी. मी त्यांच्याच गावचा शाळामास्तर, आणि गावचं टपालही माझ्याचकडे. कुठल्याही शब्दाचा अर्थ मास्तरांना विचारायचा, हा गावचा रिवाज. १९७९ साली तो मोडला.

डॉक्टर प्रत्येक चिठ्ठीच्या डोक्यावर शेपटीला आडवी रेघ मारलेला इंग्रजी आर काढत. ती 'रेसिपे' या लॅटिन शब्दाची खूण, अर्थ 'घे', एवढं त्यांनी सांगितलं. दुसरा कोणी पुड्या बांधून गप्प बसला असता. पण हे क्रियापद मुळात आलं कुठून, या विचाराने इब्राहिमभाईंना चैन पडेना. संध्याकाळी हॉटेलात तोच विषय, आणि माणसं चहा गार होईस्तोवर ऐकत बसायची. मला विचारावं असं कुणाला सुचलंही नाही. माझा जळफळाट व्हायचा, खोटं कशाला बोलू?

शेवटी त्यांनी पुण्याच्या एका प्राध्यापकांना जोडकार्ड, म्हणजे उत्तरासाठी कोरं कार्ड जोडलेलं पोस्टकार्ड, धाडलं. पंधरा दिवसांत उत्तर माझ्या हातात पडलं. कार्ड उघडंच, वाचलं. मूळ 'कापेरे', म्हणजे घेणं, धरणं. त्याला 'रे' उपसर्ग लागून 'रेसिपेरे', आणि त्याचं आज्ञार्थी रूप 'रेसिपे'. खाली लिहिलं होतं, 'तुमच्यासारखा जिज्ञासू क्वचित भेटतो. एखाद्या रविवारी या. कोश उघडून बसू.' मला जन्मात कुणी असं बोलावलं नव्हतं.

कार्ड मी खणात टाकलं, आणि संध्याकाळी हॉटेलात ते मूळ माझंच ज्ञान म्हणून सांगून मोकळा झालो.

इब्राहिमभाईंनी उठून माझे दोन्ही हात धरले. "मास्तर, तुमी हितं असताना मी पुण्याला लिवत बसलो. चुकलंच माझं."

पुन्हा त्यांनी पुण्याला कधी लिहिलं नाही. बाटलीवरचा नवा शब्द कागदावर उतरवून ते शाळेत आणून द्यायचे. मी म्हणायचो, "बघून सांगतो." बघणार कुठे? वर्षभरात कागद येणं थांबलं.

एकदा हॉटेलात गावातल्या धुळाजीनं त्यांना विचारलं, "लॅटिन सोडलं व्हय?" मी पाठमोरा बसलो होतो, ते त्यांच्या ध्यानात आलं नाही.

"मास्तरांना समदं ठावं हाय," इब्राहिमभाई म्हणाले. "पर सातवी पास माणसाला सांगून काय उपेग, आसं वाटत आसंल त्यांना. त्यांचंबी खरं हाय."