नागमोडी रेघ

माझ्या नवऱ्याचं नाव ज्ञानदेव. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण मला त्याचा इतका राग होता की नाव घेतल्याशिवाय तो नीट बाहेरच पडायचा नाही. तोंडावर अहो-जाहो करायची मी, मनात मात्र अरे-तुरे. आणि माझ्या सवतीचं नाव चंपा. लाल तोंडाची, आखूड शेपटीची. माकडीण.

हसा, हसा. पेणकरपाड्यात सगळे हसायचेच. मंदा मासेवाली टोपली उतरवता उतरवता म्हणायची, "सरोजा, तुजा दादला त्या माकडिनीचा हाय, तुजा न्हाय." मीही वरवर हसायची आणि घासाघीस न करता बोंबील घेऊन दार लावायची.

ज्ञानदेव मंडणगडकडचा, दुसरीतच शाळा सुटलेला. परळला गुरांच्या एका दवाखान्यात तो मलमपट्टीचं काम करायचा. बैलाचं मोडलेलं शिंग म्हणू नका, कुत्र्याची खरूज म्हणू नका, सगळं निमूट करायचा. हाताला गुण होता, ते खोटं कशाला बोलू? सत्याऐंशी साली एका मदाऱ्याकडून सोडवलेली चंपा तिथं आली. कमरेत दोरी रुतून आतलं मांस दिसत होतं. तीन महिने ह्यानं तिला हातानं भरवलं. बरी झाली तशी तिला वरसाव्याला, घोडबंदर रोडवरच्या एका शेठच्या बागेत पाठवलं. सहलीला येणाऱ्यांसाठी शेठनं तिथं हरणं, मोर, साळिंदर असले चार प्राणी ठेवले होते. महिना झाला नाही तोच आमचा ज्ञानदेव दवाखाना सोडून त्या बागेत राखणीला लागला. माणसं नोकरीमागं बायकोला नेतात. ह्यानं माकडिणीमागं मला नेली.

परळच्या आमच्या चाळीत दार लावायची पद्धतच नव्हती. कुणाच्या घरी आमटी जळली तर चार घरांतून हाक यायची. पौर्णिमेला विहारात वंदना, मग जिन्यावर बसून गप्पा. इथं बागेजवळ पेणकरपाड्याला नवी इमारत, तळमजल्याची खोली, समोर गुजराती, बाजूला युपीवाले. माणसं वाईट नव्हती, पण सगळ्यांची दारं बंद. दिवसभरात "पानी आया क्या?" एवढंच काय ते बोलणं. मुलगी मानसी शाळेसाठी परळला माझ्या आईकडेच राहिली. ती शनिवारी यायची आणि रविवारी जायची.

मला परळला परत जायचं होतं. दुसरं काही मागितलं नाही मी ह्या माणसाकडे. दवाखानावाले त्याला परत घ्यायला एका पायावर तयार होते. पण मी विषय काढला की ह्याचं ठरलेलं उत्तर, "आणि चंपाचं कोण बघणार?" माझं कोण बघणार, ते कधी ह्याच्या तोंडातून आलं नाही.

मी म्हणायची, "बसा, डोक्याला तेल लावते." तर म्हणायचा, "नको, आज चंपानं बघितलंय डोकं." पिंजऱ्याला टेकून बसायचा आणि ती गजांतून हात घालून एकेक केस बाजूला करून बघायची, म्हणे. हे मला सांगायचा! तेही हसत हसत! बुधवारी बाग बंद, ह्याची सुट्टी. तरी सकाळी सायकल काढायचा. "दोन केळी टाकून येतो." दोन केळ्यांना चार वाजायचे.

त्र्याण्णव साली शेठला सरकारी कागद आला. प्राणी ठेवायचे असतील तर ते कसे राहतात, ठीक आहेत का, ते दाखवा. म्हणून मुंबईच्या कॉलेजातून नीलम मॅडम आल्या. माकडांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या. वय पंचविसाच्या आत, पायात बूट, खांद्याला पिशवी. मला वाटलं, झालं, एक सवत होती, आता दुसरी. पण मॅडमना ज्ञानदेवाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांनाही चंपाच हवी होती. काय होतं त्या माकडिणीत, देव जाणे.

मॅडम पंधरा दिवसांतून एकदा यायच्या. बाकीचे दिवस नोंद ठेवायचं काम ज्ञानदेवाकडे. सकाळी नऊ ते एक, दर दहा मिनिटांनी बघायचं, त्या क्षणी चंपा काय करते. दिवसाच्या चोवीस नोंदी. त्यासाठी मॅडमनी त्याला दहा मिनिटांनी टीं टीं करणारं घड्याळ दिलं. ह्याला लिहिता येत नाही, म्हणून ह्यानं आपली युक्ती काढली. आमच्या वाण्याच्या रोज फाडायच्या कॅलेंडरचं पान खिशात ठेवायचा. मागच्या कोऱ्या बाजूला वर एक शेपूट काढायची, म्हणजे चंपा. खाली खुणा. बसली की उभी रेघ, खाल्लं की गोळा, डोलली की नागमोडी रेघ. संध्याकाळी ते पान माझ्यापुढं यायचं आणि मॅडमच्या छापील तक्त्यात अक्षरं भरायची मी. ब म्हणजे बसणे, ख म्हणजे खाणे, ड म्हणजे डोलणे. सातवी शिकलेली ना मी! माझ्या शिक्षणाचा उपयोग काय झाला, तर सवतीची हजेरी मांडली.

आणि लिहिताना ऐकावं काय लागायचं! "सरोजा, आज अकरा वेळा डोलली बघ. खुशीत आहे पोर." पाय पसरून, डोळे मिटून दाखवायचा ती कशी डोलते ते. पुढं, मागं, पुढं, मागं. "लोंब्या आल्यावर भात कसं डोलतं आपल्याकडं? तसं. मॅडम शेठला सांगतील, चंपा इथंच सुखात आहे, हलवू नका." जितके ड जास्त, तितका हा फुलायचा. एकदा चौदा झाले तर शिरा कर म्हणाला. मीही येडी, शिरा केला.

एका बुधवारी मात्र आश्चर्य घडलं. ज्ञानदेव घरी राहिला. सायकल काढली नाही, चटईवर भिंतीला टेकून बसला. मला काय आनंद! आठलाच स्वयंपाक उरकून टाकला, म्हटलं आज बोलू, परळचं नीट सांगू. तर ह्याच्या हातात कॅलेंडरचं पान आणि मनगटावर ते मेलं घड्याळ. टीं टीं वाजलं की खाली मान घालून खूण करायचा. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. सुट्टीच्या दिवशी, माझ्या घरात बसून, मनातल्या मनात तिलाच बघतोय!  खिडकीशी स्टूल ओढलं आणि बाहेरच्या टँकरकडे तोंड करून लसूण सोलत बसले. लसूण संपला तरी तिथंच बसले. स्टूल कुरकुरत होतं आणि घड्याळ वाजत होतं, एवढाच काय तो घरात आवाज.

दुपारी जेवताना स्वारी एकदम खुशीत. म्हणाला, "तू रमलीस गं इथं. उगाच परळ परळ करतेस. मी बघितलंय ना माझ्या डोळ्यांनी."

"काय बघितलंत?"

"बघितलं," म्हणाला आणि भात मागून घेतला.

त्यानंतर आठवड्याभरात नीलम मॅडम आमच्या घरी आल्या. ज्ञानदेव कामावर होता. "ताई, अक्षर किती सुंदर आहे तुमचं," म्हणाल्या. मी चहा टाकला. चहा पिता पिता त्यांनी तक्त्यांचा गठ्ठा काढला आणि ड वर बोट ठेवलं.

"हे फार वाढलंय. काकांना मी मुद्दाम अर्थ सांगितला नाही. सांगितलं की बघणाऱ्याची नजर बदलते. पण हे चांगलं लक्षण नाही, ताई. माकडं कळपात राहणारी. वर्षानुवर्षं एकटं कोंडलं की जागच्या जागी बसून अशी डोलत राहतात. आतून खचलेली असतात. काका चार तास असतात, पण तिला तिच्या जातीची सोबत पाहिजे. पुण्याकडे एका मोठ्या जागेत दहा-बारा माकडं आहेत, तिकडं पाठवायचं चाललंय. नोंदी संपल्या की काकांना हळूच सांगाल का तुम्ही? माझ्या तोंडून ऐकलं तर त्यांना फार लागेल."

"सांगते की," मी म्हणाले.

आणि नाही सांगितलं, नोंदी संपल्यावरही नाही. ऐकताय ना? मुद्दाम नाही सांगितलं. ह्याला कळलं असतं तर शेठचे पाय धरले असते, मॅडमना हात जोडले असते, पिंजऱ्यात जाऊन बसला असता. चंपा गेली तरच मला परळ मिळणार होतं. म्हणून रोज संध्याकाळी तो "आज बारा!" म्हणायचा, मी "अरे वा!" म्हणायची आणि ठळक अक्षरात ड काढायची. एकही खोटा काढला नाही. त्याची गरजच नव्हती. खोटी रेघ ज्ञानदेवानं जन्मात मारली नसती. तो आपल्याच हातानं तिला लांब पाठवत होता आणि मी शाई पुरवत होते. वाईट वाटत होतं का? थोडं वाटायचं. मग तो डोकं खाजवत हसला की वाटणं बंद व्हायचं.

महिन्यानं, शुक्रवारी, टेम्पो आला, बरोबर नीलम मॅडमही. ज्ञानदेवाला त्याच दिवशी सकाळी शेठनं सांगितलं. पिंजरा त्यानंच उचलून ठेवला. मी घरी वाट बघत होते. काय बोलायचं ते सगळं तयार ठेवलं होतं. सहा वर्षांचं साठलेलं. तेल न लावलेलं डोकं, चार वाजेपर्यंतचे बुधवार, एकटीनं जेवलेली जेवणं. तो ओरडला की एकेक काढणार होते, आणि शेवटी म्हणणार होते, आता चला परळला.

उन्हं उतरता उतरता तो आला. चप्पल न काढताच दारात उभा राहिला.

"मॅडम म्हणाल्या, घरी सांगितलंच असेल ताईंनी. तुला माहीत होतं?"

"हो."

"ड चं?"

"हो. महिना झाला."

तो ओरडला नाही. माझी सगळी तयारी तोंडातच राहिली. खाली बसला, सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि माझ्या पुढ्यात ठेवला. कॅलेंडरचं पान. घामानं मऊ पडलेलं, बरेच दिवस खिशात वागवलेलं. मला वाटलं, आणला चंपाचा कागद, आता तिच्या नावानं रडणार माझ्यापुढं.

पानावर छापलेलं होतं बुधवार. मागं उलटलं. वर शेपूट नव्हती. लांब वेणी काढली होती, खाली रिबिनीचं फूल.

"त्या दिवशी काढलेलं," तो म्हणाला. "तू सारखी परळ परळ करायचीस. म्हटलं, बघावं तरी, खरंच दुःखात आहे का. तर तू खिडकीशी... म्हटलं, नाही, खुशीत आहे. भांडलीस की दाखवायचं म्हणून ठेवलं होतं." मग त्यानं वेणीवर बोट ठेवलं. "बघितलं मीच. पण मला वाचता कुठं येतं, सरोजा?"

मी पान खिडकीच्या उजेडात धरलं. दोन-चार उभ्या रेघा होत्या, एक गोळा होता, सकाळी चहाबरोबर पाव खाल्ला होता तो. बाकी सगळ्या नागमोडी. बोट ठेवून मोजल्या. पुन्हा पहिल्यापासून मोजल्या.

एकोणीस. चंपाच्या चौदाच्या वर कधी गेल्या नव्हत्या.